असं कोन न्हाई हितं

माझ्या चुलत्याची नात नर्सिंग करून बसली आहे आणि तिला जर्मनीला जायचंय. परवा फोनवर म्हणाली, "आत्या, एकटीनं बाहेरदेशी नोकरीला जायचे फायदे-तोटे सांग की. तू तर त्या काळात गेलीस." मी आधी विचारलं, हे मला विचारायला तुला कुणी सांगितलं? ती हसली. तिला वाटलं, आत्या गंमत करते. मी गंमत करत नव्हते. आमच्या घरात प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आधी नीट न्याहाळायची रीत आहे, उत्तराचं मागाहून बघतात.

मग मी तिला नळाच्या पाण्याचं सांगितलं, पगाराचं सांगितलं, थंडीत दुखणाऱ्या गुडघ्यांचं सांगितलं. पण माझ्या परदेशी जाण्याची खरी गोष्ट विमानात बसायच्या आधीच घडून गेली होती. ती लातूरजवळच्या मुरुडच्या अलीकडं आमच्या गावाला लागून असलेल्या वस्तीत घडली, आणि ती मी तिला सांगितली नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. ज्याला त्याला वाटत होतं, आता साहेब जवळ आले म्हणजे सुखही जवळ आलं. भाड्याच्या घरांवर मोठ्या मोठ्या ऑफिसांच्या पाट्या लागल्या, कालपर्यंत ज्या खोलीत सरकीची पोती होती तिथं खुर्च्या-टेबलं आली. गावातली माणसं नुसती इमारत बघायला म्हणून लातूरला जाऊन येत. मला मात्र कौतुक वाटायचं नाही. पाऊस दोन वर्षं तोंड दाखवत नव्हता, विहिरींचे तळ दिसत होते, आणि नव्या जिल्ह्याच्या साहेबाला काही ढगांवर सही करता येत नव्हती. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच.

मी नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स होते. वडील लहानपणीच गेले. माय वस्तीत एकटी राहायची, शेजारच्या घरात चुलता, तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यानंच मला शिकवलं. आमच्या वस्तीतली मी पहिली मुलगी नोकरीला लागलेली. त्यामुळं माझ्यावर सगळ्यांचा हक्क होता आणि सगळ्यांचं लक्षही.

आमच्या दवाखान्यातली केरळची एक सिस्टर राजीनामा देऊन मस्कतला गेली होती. सुटीवर आली तेव्हा मला भेटायला मुद्दाम नांदेडला आली. तिकडं नर्सा पाहिजेत, म्हणाली, तू का येत नाहीस? मी तिला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं. राहायला कुठं? दाराला आतून कडी आहे का? आजारी पडलं तर कोण बघतं? साहेब कसा? परत यायचं म्हटलं तर येऊ देतात का? ती बिचारी एकेक उत्तर देत गेली. शेवटी वैतागून म्हणाली, "तू पोलिसात का नाही गेलीस?"

स्टेशनजवळ एका फोटो स्टुडिओत एक एजंट बसायचा. त्याच्याकडं मी एकदा गेले. त्यानं खुर्ची पुसून दिली, थंड मागवलं, आणि बाकी सगळं माझ्यावर सोडा, फक्त तुमची मूळ प्रमाणपत्रं ठेवून जा, असं म्हणाला. माझ्या मनात पाल चुकचुकली. थंड तसंच ठेवून मी उठले. तेव्हाच ठरवलं, जायचं तर एजंट नको, कुणाची चिठ्ठी नको, कुणाचा उपकार नको. अर्ज मी करणार, पासपोर्ट मी काढणार, एकटी जाणार. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. माझा कुणावर विश्वासच नव्हता, म्हणून एकटीनं करायचं.

चुलत्याला कळलं तेव्हा तो नांदेडला क्वार्टरवर आला. हातपाय धुतले, चहा प्याला, मग सुरू झाला.

"सरकारी नोकरी सोडून जायलीस?"

"बिनपगारी रजा टाकून जाते, काका. मिळाली तर."

"आन् न्हाई मिळाली तर? लातूरला नवा दवाखाना होऊन राहिलाय. जागा निघायल्यात. बदली करून घे, मायजवळ ऱ्हा. पेन्शन हाय, मान हाय. तिकडं तुला कोन वळखतंय?"

"कुणी ओळखत नाही म्हणूनच," मी म्हणाले. त्याला ते कळलं, पण आवडलं नाही. तो म्हणाला, तिकडून आलेली माणसं बघितलीत मी, सूटकेस मोठी असते आन् माणूस बारीक झालेला असतो. लग्नाचं वय निघून चाललं, हेही म्हणाला. जाताना दारात थांबून म्हणाला, "माझा इचार इचारशील तर नगंच."

माय या सगळ्यात एक अक्षर बोलली नाही. मी गावी जाऊन तिला सांगितलं तेव्हा ती तुरीच्या डाळीतले खडे काढत होती. तिनं मान वर केली, म्हणाली, "विमानात पानी देतेत का?" मी देतात म्हटलं. ती परत खडे काढायला लागली. मला वाटलं, ही एकटीच माझ्या बाजूनं आहे. संशयाचं असं असतं, तो आरडाओरडा करणाऱ्यावर जातो. गप्प बसलेल्या माणसाकडं आपण बघतसुद्धा नाही.

पासपोर्टच्या अर्जात मी कायमचा पत्ता म्हणून गावाचा पत्ता दिला आणि खाली जिल्हा लातूर असं लिहिलं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर उस्मानाबाद होतं. तेव्हाच वाटलं, यात घोळ होणार. पुष्कळ दिवस काहीच आलं नाही. सिस्टरचा निरोप आला की जागा फार थांबणार नाही. मग मुंबईच्या पासपोर्ट ऑफिसातून उत्तर आलं की पोलीस चौकशीचा अहवाल माझ्या विरुद्ध आहे. मी रजा टाकली, एसटीनं लातूर गाठलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं सगळं एकदमच आलं होतं, कारण त्याच आठवड्यात मायनं निरोप धाडला होता की वस्तीचा आड आटला.

पोलिसांच्या नव्या ऑफिसात मी भांडायच्याच तयारीनं शिरले. मला खात्री होती की कारकुनानं चहापाण्यासाठी कागद अडवलाय, किंवा उस्मानाबाद आणि लातूरच्या मधे कुठंतरी तो पडलाय. कारकून म्हातारासा होता. त्यानं कागद काढला आणि माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघत म्हणाला, "बाई, आमचा जमादार जाऊन आला तुमच्या वस्तीत. असं कोणी राहत नाही म्हणाले लोक. असं कोणी कधी राहतच नव्हतं म्हणाले."

मी म्हटलं, "मी जन्मलेय तिथं."

"मग तिथंच विचारा," तो म्हणाला. "हाव, पुन्हा चौकशी लावता येते. तसा अर्ज द्या. पण यावेळी तरी तुम्ही हाय म्हनून सांगायला लावा त्यांना."

मी अर्ज दिला आणि मुरुडची गाडी पकडली. वाटेत दुसरं काही डोक्यात नव्हतं. चुलता. दुसरं कोण असणार? मास्तर माणूस, पोलिसांशी बोलायला वस्तीतले लोक त्यालाच पुढं करतात. समोरासमोर नगंच म्हणाला होता, आता पाठीमागून नाव कापलं. ज्यानं बोट धरून अक्षर शिकवलं, त्यानंच. सगळ्यात जास्त याचा राग येत होता की मी स्वतःला एवढी संशयी समजत असून हे आधी ओळखलं नाही.

शाळा सुटली होती. चुलता फळा पुसत होता. मी दारातूनच विचारलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याचा चेहरा पडला.

"मी असं करीन?" तो म्हणाला. "मी नगं म्हनलो ते तुझ्या तोंडावर म्हनलो. जमादार आला तवा मी हितं वर्गात होतो. मला संध्याकाळी कळलं की कोन तरी सायकलवर येऊन नाव इचारून गेला. साध्या कपड्यात होता म्हने." हातातलं फडकं टेबलावर ठेवून म्हणाला, "आन् आपल्या वस्तीत साध्या कपड्यातल्या मानसाला नाव सांगत न्हाईत. तू इसरलीस का?"

मी विसरले नव्हते. नांदेडला राहून त्याची सवय सुटली होती, एवढंच. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात दंगल झाली तेव्हा गावोगावच्या आमच्या वस्त्यांना आगी लागल्या. आमची वस्ती वाचली. पण सगळं थंड झाल्यावर एक माणूस आला, ओट्यावर बसून गोड बोलला, कोणाची पोरं किती शिकली म्हणून चौकशी करून गेला. दुसऱ्या दिवशी जीप आली आणि दोन पोरांना नावानं हाका मारून घेऊन गेली. पोरांनी काही केलं नव्हतं. काही दिवसांनी परत आली, पण त्यातल्या एकानं कॉलेज सोडलं ते सोडलंच. तेव्हापासून वस्तीचा कायदा ठरला. अनोळखी माणसानं कोणाचंही नाव घेतलं की कानावर हात ठेवायचे. असं कोन न्हाई हितं. म्हातारी असो की शेंबडं पोर, सगळ्यांना हे वाक्य पाठ. एकदा तर शाळेचं बक्षीस घेऊन आलेल्या माणसालाही तसंच परत लावून दिलं होतं.

म्हणजे माझाच घात करायला कोणी बसलं नव्हतं. मला वाचवायला म्हणून वस्तीनं मला पुसून टाकलं होतं. मला हसू आलं, रडूही आलं. चुलत्याची माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "जा, आधी मायला भेट."

माय चुलीपुढं होती. मी म्हटलं, "माय, तो जमादार आला होता, तो माझ्या पासपोर्टसाठी आला होता. कोणी सांगितलं त्याला, मी इथं राहत नाही म्हणून?"

"मीच सांगितलं," ती म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत. तरी मला राग आला नाही. तिला काय माहीत, साध्या कपड्यातला माणूस कोण, कशाचा. मी तिला समजावून सांगायला लागले, की बाई, सगळे पोलीस सारखे नसतात, हा चौकशी माझ्या भल्यासाठी करत होता. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "त्यानं सांगितलं की मला. बाहेरदेशी जायच्या कागदासाठी आलोय म्हनला."

"तुला माहीत होतं?"

"हाव."

"मग कामून असं सांगितलंस?"

तिनं भाकरी उलटली. मग म्हणाली, "त्या साली मीच सांगितली होती नावं. कौतुकानं सांगितली, आमची पोरं लई शिकल्यात म्हनून. नाव सांगितलं आन् लेकरं गेली. आता तुझं सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

मी खूप बोलले त्या दिवशी. ते सगळं इथं लिहीत नाही. माझ्या आयुष्याचं वाटोळं करायला तूच पुरेशी आहेस, असंही म्हणाले. तिनं ताट वाढून पुढं ठेवलं. मी जेवले नाही. तिनंही जेवण झाकून ठेवलं.

सकाळी टँकर आला. टँकर गावच्या विहिरीत पाणी ओतायचा आणि विहीर वरच्या आळीत. वस्तीतल्या बायकांनी घागरी घेऊन कडेला उभं राहायचं, वरच्या बायकांचं भरून झालं की त्या वरून आमच्या घागरीत ओतायच्या. कोणी नियम लिहिला नव्हता, कोणी तोडतही नव्हतं. माय निघाली तर मी तिच्या हातातली घागर ओढून घेतली. रागात होते. ती मागून दुसरी घेऊन आली.

मी कडेला उभी राहिले. वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याच्या सुनेनं मला ओळखलं. तिचं माहेर नांदेडकडचं, तिथं तिचं बाळंतपण अडलं तेव्हा तिला आमच्याच दवाखान्यात आणलं होतं आणि रात्रभर मी तिच्याजवळ होते, तिचं बाळ पहिल्यांदा माझ्याच हातात आलं होतं. तिला फार आनंद झाला. "ताई, कधी आलीस? माझ्या लेकराला दोन दिसांपासून ताप हाय गं, बगतीस का जरा?" असं म्हणत म्हणत ती माझ्या घागरीत पाणी ओतायला लागली, आणि बोलता बोलताच तिनं कळशी उंच धरली, धार लांब केली, तिची कळशी माझ्या घागरीला लागू नये म्हणून. निम्मं पाणी माझ्या पायावर सांडलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती खरोखर प्रेमानं बोलत होती. हात मात्र आपोआप वर गेला होता.

मी मागं बघितलं तर माय माझ्याकडं बघत होती. माझ्या पायांकडं. त्या दुष्काळात एवढं पाणी मातीत जाताना बघून ती ओरडली असती एरवी.

मी त्या सुनेच्या घरी जाऊन लेकराला बघून आले. ओट्यावर बसूनच बघितलं, आत बोलावलं नाही, मी गेलेही नाही. संध्याकाळी माय माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "त्यो जमादार परत कवा येतोय?"

तिचं मन कशानं बदललं, हे मी तिला कधी विचारलं नाही. मला संशय आहे, एवढंच.

जमादार आला तेव्हा मी मुद्दाम घरी थांबले होते. यावेळी तो वर्दीत होता. ओट्यावर टेकला, मायला बघितलं आणि म्हणाला, "मावशी, मागच्या खेपेला तुमीच म्हनलाव नव्हं, असं कोन न्हाई म्हनून?"

"मागच्या खेपेला तुमी वर्दीत नव्हताव," माय म्हणाली. "म्या बी खरं बोलले नव्हते. फिट्टंफाट झाली."

तो हसला. मग सरकारी आवाजात विचारलं, ही तुमचीच मुलगी का? मायनं माझ्याकडं बघितलं नाही. "माझीच हाय. हितंच जन्मली, हितंच वाढली. खोटं बोलत न्हाई, कुनाचं घेत न्हाई. तापट हाय जरा." एवढं सांगून तिनं पदराला हात पुसले. बाजूच्या बायका ऐकत होत्या. वस्तीचा कायदा त्यांच्यासमोर मोडत होता आणि मोडणारी माय होती. मला त्या क्षणी वाटलं, नको, सांगावं त्याला की मला जायचं नाही. मी तसं म्हणाले नाही. जमादारानं चहा मागून घेतला आणि प्याला, हेही मी बघून ठेवलं.

मस्कतला मी बरीच वर्षं काढली. फायदे होते. नळ सोडला की पाणी यायचं, सुरुवातीला मी तो उगाच सोडायची आणि लगेच बंद करायची. आडनाव ऐकून कुणाचा चेहरा बदलायचा नाही. पण जास्त दिवस गेले तसं लक्षात आलं, तिथं जात विचारत नाहीत, देश विचारतात, आणि तो ऐकून पगार ठरवतात. ज्या पासपोर्टसाठी एवढं रामायण झालं, तो पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून काढून घेतला आणि कपाटात ठेवला. दाराला आतून कडी होती, सिस्टरनं खरं सांगितलं होतं. ती लावून बसलं की मात्र कुणी ठोठावणारं नव्हतं. सणाला मी एकटीच खीर करायची आणि दोन दिवस पुरवून खायची. चुलता बरोबर होता की मी, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. बरोबर होतो आम्ही दोघंही, थोडे थोडे.

माझ्या पैशानं घर झालं. पुढं वस्तीला पाणी आलं तेव्हा सगळ्यात आधी आमच्या दारात नळ बसला. लांब धार सोडणारी कळशी मायच्या आयुष्यातून गेली, हा फायदा मी एकदम वरती मांडते.

एका सुटीत मी घरी आले होते. आदल्या दिवशीच आलेली, अजून वस्तीत सगळ्यांना कळलंही नव्हतं. दुपारी आत खाटेवर पडले होते तर दारात मतदार यादीवाले मास्तर आले. तरुण होते, दुसऱ्या गावचे. घरात कोण कोण आहे, ते विचारत होते. मायनं स्वतःचं नाव सांगितलं. मग त्यांनी माझं नाव वाचलं आणि विचारलं, ह्या इथं राहतात का?

"हाय की," माय म्हणाली. "हितंच ऱ्हाती."

"कुठं आहेत मग?"

"पान्याला गेलीय."

मास्तरांनी यादीवर बोट ठेवलं. "मावशी, मागच्या खेपेला आलो तवाबी पान्यालाच गेल्ती म्हनलाव."

"लांब जावं लागतंय, बाबा," माय म्हणाली. "लई लांबून आनावं लागतंय."

तिला मी आत आहे, हे माहीत होतं. मला हाक मारली असती तरी चाललं असतं. पण किती वर्षांची सवय, तोंडातून तेच निघालं. मी इथं होते तेव्हा तिनं सरकारला सांगितलं की असं कोण नाही, आणि मी समुद्रापलीकडं गेल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत आली, की हाय, आता येईल.

खिडकीतून मला मास्तर दिसत होते. त्यांनी दारातल्या नळाकडं बघितलं. त्याला खालून बादली लावलेली होती आणि ती भरून वाहत होती. मग त्यांनी मायकडं बघितलं, आणि माझं नाव तसंच ठेवून पुढच्या घराकडं गेले.

मी बाहेर आले नाही. आले असते तर पुढचं विचारलं असतं, किती दिवस आहात म्हणून, आणि ते मायसमोर सांगावं लागलं असतं.